वात, कोयता आणि बीडची कंबर

आमच्याकडे, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, मानेखाली काहीही दुखलं की त्याला एकच नाव. वात. गुडघा दुखला, वात. कंबर धरली, वात. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, वात. कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत वीज गेल्यासारखी कळ येते, तोही वातच, फक्त जरा वरच्या क्लासचा :)

शिकलेली मंडळी या शब्दाला हसतात. मला तो शब्द आवडतो, आणि का ते पुढे येईलच. या पोस्टचं निमित्त मात्र घरगुती आहे. गेल्या दिवाळीपासून आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याच्या गुडघ्यांवर चर्चासत्र चालू आहे. एकाने तेल सुचवलं, एकाने केरळचा पत्ता दिला, एका जावईबापूंनी थेट ऑपरेशनचं कोटेशन मागवलं. उपायांची रांग लागली, पण बाईचे गुडघे पन्नाशीतच का गेले हे कुणी विचारलं नाही. पुण्यातल्या माझ्या शेजारच्या काकू ऐंशीच्या आहेत आणि रोज जिना चढतात. तर हा 'का' शोधताना मी जे काही वाचलं आणि गावाकडे जे ऐकलं ते इथे टाकतोय. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात चरकापासून. चरकसंहितेत वाताचे ऐंशी विकार मोजलेत. त्यात एक 'गृध्रसी' आहे. कुल्ल्यातून कळ निघते आणि कंबर, मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत उतरते. म्हणजे ज्याला आपण आज सायटिका म्हणतो तेच. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असं सांगतात. ही कळ मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाबल्याने येते हे आधुनिक वैद्यकाला नीट कळलं १९३४ साली, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांमुळे. पण मला जास्त गंमत वाटली ती चिकित्सास्थानातल्या वातव्याधीच्या अध्यायाची. तिथे वात बिघडण्याची कारणं दिलीत. उपाशी राहणं, रुक्ष आणि कमी खाणं, फार जागरण, फार चालणं, ताकदीबाहेर श्रम, लघवी-शौचाचा वेग अडवून धरणं, अंगाला त्रास होईल अशा जागी झोपणं-बसणं, भीती, चिंता. वर हत्ती, उंट, घोडा किंवा वेगाच्या वाहनावरून पडणं! हत्ती-उंट सोडा, आमच्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली आहे.

ही यादी परत एकदा वाचा. ज्यांनी ऊसतोड जवळून पाहिलीय त्यांना हा फडावरचा एक दिवसच वाटेल. आमच्या लोकांनी 'वात' हा शब्द जपला, त्याचा इलाजही जपला. कारणांची यादी मात्र कुठेतरी हरवली.

आता ही यादी बीडच्या वाट्याला कशी आली ते बघू.

बीड पर्जन्यछायेतला जिल्हा. पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही लहरी. उत्तरेला गोदावरी आहे, तिच्या काठची गेवराई-माजलगावची जमीन काळी आणि चांगली. पण पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर हा भाग म्हणजे मुरमाड डोंगर. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. धरण, कारखाना, मोठं इस्पितळ यातलं फारसं काही आमच्या वाट्याला आलं नाही. तिकडे नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या सुमाराला गाळप सुरू झालं. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडे होता, तोडायला माणसं हवी होती, आणि डोंगर उतरला की आमची माणसं होतीच. दसरा-दिवाळी झाली की गाड्या निघायच्या त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायच्या.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. आमच्या आजीच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, बहात्तरच्या आधी आणि बहात्तरच्या नंतर. तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या वाहिल्या, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पोरांना सुकडी मिळायची. त्याच कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला (१९७७ साली, अंमल १९७९ पासून), त्याचं कौतुक योग्यच आहे. पण हाडांच्या हिशोबात तो दुष्काळ मला वेगळा दिसतो. हाड ही बँक आहे. साधारण तिशीपर्यंत त्यात भरणा होतो, पुढे नुसतं काढणं. ज्या पिढीचं बालपण अशा वर्षांत गेलं तिचं खातं अर्धवट भरलेलं, आणि त्याच पिढीने कोयता उचलला.

कोयता हे हत्याराचं नाव, आणि माणसांचंही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादम विचारतो, "किती कोयते हायेत?" त्या जोडीला हंगामाआधी उचल मिळते, ती फिटेपर्यंत तोडायचं. मजुरी टनावर. एक दिवस पडून राहिलं तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे कापले जातात. म्हणजे विश्रांतीला दंड आहे. हे नीट लक्षात ठेवा, कारण कंबरदुखीवर कुठल्याही डॉक्टरचा पहिला सल्ला असतो, "जरा विश्रांती घ्या."

प्रत्यक्ष कामात काय होतं? साखर उसाच्या बुडख्यात जास्त, म्हणून ऊस अगदी जमिनीलगत तोडायचा. त्यासाठी कंबरेतून पूर्ण वाकायचं. एका हाताने ऊस धरायचा, दुसऱ्या हाताने घाव. मग पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, कांड्या मागे टाकायच्या. हे एका दिवसात किती वेळा? एक जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस पाडते. नंतर त्याच्या मोळ्या बांधायच्या. मोळी पंचवीस-तीस किलोंची, कधी चाळीसच्या घरात जाते. ती डोक्यावर घेऊन फडातून वाहनापर्यंत, आणि मग अरुंद फळीवरून चढत ट्रकवर. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला. या मोळ्या बहुतेक बाया वाहतात. घरी, म्हणजे कोपीवर, परतल्यावर चूल, पाणी आणि पोरं असतातच.

१९६० च्या दशकात स्वीडनच्या नाकेमसन नावाच्या डॉक्टरने जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. उभं असताना जो दाब तो १०० धरला, तर पुढे वाकल्यावर तो साधारण १५० होतो, आणि वजन घेऊन वाकलं की २२० पर्यंत जातो. आमची आत्या वीसेक हंगाम गेली. एका हंगामाचे पाच-सहा महिने. करा गुणाकार.

गादी अशी रोज दाबली गेली की तिच्यातलं पाणी कमी होत जातं, बाहेरचं कडं चिरतं, एक दिवस आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शिरेवर बसतो. तीच ती गृध्रसी. गुडघ्याचं वेगळं आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला संवेदनाच नाही. ती झिजत असताना माणसाला पत्ता लागत नाही. दुखायला लागतं तेव्हा बरंच संपलेलं असतं. उकिडवं बसणं, ओझं घेऊन चढणं आणि गुडघ्यातून पिळलं जाणं, या तिन्हींनी ती लवकर जाते. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकायला लागतात. गावाकडे कुठल्याही पारावर जा, पन्नाशीच्या बायांची चाल बघा, कळेल.

बहात्तरने आम्हाला आणखी एक गोष्ट दिली, बोअर. त्याआधी आमचं पाणी म्हणजे आड, बारव, नदीतला झिरा. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, जमिनीखालच्या बोगद्यातून येणारं पाणी अजून बघायला लोक जातात. दुष्काळात विहिरींचे तळ दिसले तशी बोअरची यंत्रं गावोगाव आली. आणि हातपंप! हा आपल्या भागाचा अभिमानाचा विषय आहे बरं का. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी खोल बोअरसाठी मजबूत हातपंप बनवला, सोलापूरला त्यात सुधारणा झाली, आणि त्यावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क दोन' तयार झाला, जो आज जगभर दिसतो. त्या पंपाने लाखो माणसं जगवली. पण खोल खडकातल्या पाण्यात कुठे कुठे फ्लोराईड जास्त असतं, हे तेव्हा कुणी गावकऱ्यांना सांगितलं नव्हतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि मग सांध्यांचे बंध चुन्यासारखे कडक होतात, पाठीचा कणा काठीसारखा ताठ होतो. भारतात माणसांमधला हा आजार पहिल्यांदा नीट नोंदवला गेला १९३७ मध्ये, मद्रास इलाख्यात. पुढे १९७० च्या दशकात नलगोंडा जिल्ह्यात पोरांचे गुडघे आत वळलेले दिसले. नलगोंडा म्हणजे आमच्यासारखाच जुन्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. त्या पाण्यातून फ्लोराईड काढायची तुरटी-चुन्याची पद्धत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने शोधली, तिचं नावच नलगोंडा तंत्र. मराठवाड्यातही काही ठिकाणच्या बोअरमध्ये हे सापडलंय. म्हणून ज्यांच्या घरी बोअरचंच पाणी पितात त्यांनी ते एकदा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होतं.

असो, परत फडावर येऊ. कारण सगळ्यात अवघड भाग राहिलाय.

२०१९ मध्ये बीडचं नाव देशभरच्या पेपरांत आलं ते 'पिशवी काढण्या'वरून. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांची गर्भाशयं तिशी-पस्तिशीतच काढली जात होती. विधान परिषदेत सरकारने आकडा दिला, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४६०५ शस्त्रक्रिया. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. देशाच्या २०१५-१६ च्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. वयोगट वेगळे असतील, थेट तुलना नको, तरी फरक बोलका आहे. कारणं गावात सगळ्यांना माहीत होती. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत मोळी वाहायची, अंगावरून पांढरं जायचं, डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नव्हता. मग पिशवीच काढून टाकली की कटकट मिटली.

पेपरांत पिशवीबद्दल खूप आलं, हाडांबद्दल फारच कमी. बाईच्या अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे तिच्या हाडांचं राखणदार असतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर ते राखण एका दिवसात संपतं, आणि पन्नाशीनंतर सुरू व्हायची हाडांची झीज तिशीतच सुरू होते. अंडाशयं ठेवली तरी ती बऱ्याचदा वेळेआधी थकतात. आता बेरीज करा: बालपणीचं अर्धवट खातं, डोक्यावरची मोळी, आणि राखणदार गेलेला. अशी बाई डॉक्टरकडे जाऊन "अंग ठणकतंय, कंबर जातीय" म्हणते तेव्हा तिला कॅल्शियमच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन मिळतं. घरचे म्हणतात, वात शिरला.

ज्यांची शस्त्रक्रिया झालीय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. दवाखान्याच्या कागदावर अंडाशयं काढलीत की ठेवलीत ते बघून घ्या. काढली असतील आणि वय कमी असेल तर हाडांची तपासणी आणि संप्रेरकांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञाला स्वतःहून विचारा. आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

आता इलाजांचा इतिहास. त्यात आमच्याकडचा पहिला माणूस म्हणजे हाडवैद्य. मोडलेलं हाड ओढून सरळ करायचं, बांबूच्या कामट्या लावायच्या, वर लेप आणि पट्टी. हाडजोडीचा वेल वाटून लावायचा. दुखऱ्या सांध्यावर एरंडाचं तेल, निर्गुडीचा शेक, रुईची गरम पानं. आणि फारच झालं तर बिब्ब्याचा चटका किंवा तापल्या विळ्याचा डाग. आमच्या आजोबांच्या पाठीवर तसे डाग होते. त्या डागाने मूळ दुखणं जात नाही, एका वेदनेने दुसरी झाकली जाते, बस.

हाडवैद्यांना सरसकट अडाणी म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या अँगलसी बेटावर थॉमस नावाचं पिढीजात हाडवैद्यांचं घराणं होतं. त्यातल्या एकाने आपल्या पोराला रीतसर डॉक्टर केलं. तो ह्यू ओवेन थॉमस. त्याने मांडीच्या हाडासाठी लोखंडी पट्ट्यांचा जो साधा सांगाडा बनवला तो 'थॉमस स्प्लिंट', आणि पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने तो वापरात आणल्यावर मांडीचं हाड फुटून होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांवरून वीसच्या खाली आले असं सांगतात. ते हाडवैद्यकीतलं घराणं कॉलेजात गेलं. आपल्याकडे कॉलेजच नव्हतं. मराठवाड्यातलं पहिलं सरकारी मेडिकल कॉलेज निघालं औरंगाबादला, १९५६ मध्ये. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला निघालं १९७४ मध्ये, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं, आणि तेही मुद्दाम ग्रामीण कॉलेज म्हणून. तोवर फ्रॅक्चर म्हणजे हाडवैद्य किंवा दूरचा प्रवास. पट्टी फार आवळली गेली आणि हाताचा रक्तपुरवठा बंद पडला, तर हात कायमचा वाळायचा. आमच्या गावात असा एक वाळलेला हात होता, त्या माणसाला सगळे त्याच नावाने हाक मारायचे.

पुढे हाडवैद्याची जागा घेतली ती सलाईन आणि सुईने. आठवडी बाजारच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर ओळीने बाटल्या लागलेल्या मी पाहिल्यात. सलाईनमध्ये मीठ-पाणी असतं, त्याने गुडघा सुधारत नाही. सुईत वेदनाशामक असतं, कधी स्टेरॉईड. आणि 'वाताची पुडी' म्हणून जी बिननावाची पावडर मिळते, जिने दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, तिच्यात बऱ्याचदा तेच असतं. स्टेरॉईड फार दिवस पोटात गेलं की हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ढासळतो. रोजच्या वेदनाशामकाने पोटात व्रण होतात आणि किडन्या जातात. कृपया, कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी बिननावाची पुडी घेऊ नका.

आणि सगळाच वात झिजेचा नसतो. दोन्ही हातांची लहान बोटं सुजतात, सकाळी तास-दीड तास ताठ राहतात, तिशीतल्या बाईलाही होतं, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. त्याला तेल चोळत वर्ष घालवलं तर सांधे वाकडे होतात. वेळेत औषध सुरू केलं तर बऱ्याच जणांचे हात वाचतात. हे रक्ततपासणी करूनच ठरवायचं.

आत्याचं म्हणाल तर तिला झीजच आहे. ग्रुपवर सुचवलेल्या सगळ्या उपायांत सगळ्यात कमी लाईक मिळाले ते फिजिओने सांगितलेल्या व्यायामाला. बाजेवर बसायचं, पाय सरळ करायचा, मांडीचा स्नायू आवळून पाच-दहा सेकंद धरायचा, सोडायचा. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी, आणि संडासला उकिडवं न बसता खुर्ची. ऑपरेशन शेवटी आहेच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, नेहमीच्या वापरातला गुडघा दीड लाखाच्या पुढून ५४,७२० रुपयांवर आला. हे नुसत्या सुट्या भागाचे. दवाखान्याचा खर्च वेगळा. जावईबापूंनी आणलेल्या कोटेशनमध्ये हे दोन आकडे वेगळे लिहिलेले नव्हते, तेव्हा आधी ते वेगळे मागवा.

आत्याला मी चरकाची कारणांची यादी फोनवर वाचून दाखवली. ती ऐकत होती. जागरण, उपास, ओझं, अंगाला टोचणारी जागा. मग म्हणाली, "मंग त्याला आधीच ठावं व्हतं की!" आणि हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पर त्यानं उचल कशी फेडायची ते लिवलंय का?"

२०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. त्याच्या आदल्या वर्षी राज्य सरकारने ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान काढलं. यंत्राला कंबर नाही. पण त्याला रुंद सरी आणि मोठी शेतं लागतात, म्हणून लहान तुकड्यांच्या फडांत अजून कोयताच चालतो. आमचा चुलतभाऊ म्हणतो की यंत्र सगळीकडे आलं तर निम्मा गाव दिवाळीनंतर करणार काय? त्याच्याशी माझा वाद चालू आहे, तो इथे नको.

खूपच लांबलं. नातेवाईकांपैकी कुणाला आपल्या पंचक्रोशीतल्या जुन्या हाडवैद्यांची काही माहिती असेल, ते लेपात नक्की काय घालायचे वगैरे, तर मला कळवा. आणि अण्णांच्या पेटीत मुकादमाच्या उचलीच्या जुन्या चिठ्ठ्या असायच्या. कुणी टाकून दिल्या नसतील तर फोटो पाठवा.